रेहानाच्या वहीत मी काढलेली उभी रेघ

सातवीत असताना मी माझ्या जिवलग मैत्रिणीच्या गणिताच्या वहीत एका वजाबाकीच्या चिन्हाचं अधिक करून ठेवलं. एक उभी रेघ, बस्स. आडवी तिची होतीच. मी तिच्यावरून उभी मारली, फुंकर घातली आणि वही मिटली. मला आज लाज वाटते ती या पापाची नाही. पापं माणसानं चार-दोन केलेलीच बरी, नाही तर म्हातारपणी बसून आठवायचं काय? लाज वाटते ती त्या पापातल्या अडाणीपणाची. इतकं कच्चं काम करणारी पोरगी मीच होते, हे आठवलं की वाटतं, मागं जाऊन तिच्या दोन्ही वेण्या ओढाव्यात आणि विचारावं, बाई गं, जळायचं तर जळ, पण जरा अक्कल लावून तरी जळ!

हे सगळं दरवर्षी फाल्गुनात वर येतं. आता मी लातुरात असते, मुलाकडं. आमची गल्ली क्लासच्या पोरापोरींची. एरवी सायकलींची घंटा, मेसचे डबे, कुणाची तरी आई गावाकडून फोनवर ओरडून बोलून राहिलेली, असा कालवा असतो. परीक्षा जवळ आली की गल्ली अशी चूप होते, जणू कुणी झाकण ठेवलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजतं. खिडकीखिडकीत एकेक मान खाली. लिंबाची पानं गळून अंगणभर होतात आणि ती झाडताना मला नांदेडचं शाळेचं मैदान आठवतं, तिथला असाच पिवळा पाचोळा, आणि दातात अडकलेल्या कोवळ्या चिंचेसारखा आंबट असा एक राग.

नात सातवीला आहे, ईश्वरी. परवा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसली होती आणि मी खाली चिंचा फोडत होते. चष्म्यावरून बघितलं तर समीकरणं! आमच्या वेळी क्ष होता, हिच्या वहीत एक्स आहे. पण माणूस तोच, तोंड लपवून बसलेला. चार एक्स अधिक तीन बरोबर एकतीस. पोरगी पेन चावत होती.

मी म्हणलं, "अगं, तीनला पलीकडं धाड. पलीकडं गेला की अधिकचा वजा होतो. मला येतंय की हे."

"आज्जी, तू नको. तू ओरडतीस."

"मी कधी ओरडले?"

"आत्ताच!"

आणि तिनं साखरेच्या डब्याला फोन टेकवून उभा केला आणि नांदेडला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मेंदीनं लाल केलेले केस आले, मग कपाळ, मग सगळी रेहाना. जन्मभर पोरींना गणित शिकवून निवृत्त झालेली, माझी पंचावन्न वर्षांपासूनची मैत्रीण. "हौ बेटा, दिखा," म्हणाली. "तीन को कायकू पकडके बैठी? उसको उधर भेज. जाताना कपडे बदलून जाईल तो." ईश्वरी खुदकन हसली. एकतीस वजा तीन, अठ्ठावीस. भागिले चार, सात. मग रेहानानं तिच्याकडून ताळा करून घेतला: सात चोक अठ्ठावीस अन् तीन एकतीस, दोन्ही बाजू सारख्या. दोघी अशा खूष झाल्या, जणू शेतात पाणी लागलं.

आता सांगा, मी सांगितलं ते आणि तिनं सांगितलं ते, फरक काय? मी म्हणलं धाड, ती म्हणाली भेज. पण हसू तिच्या वाट्याला. मी चिंचोका असा फेकला की तो फ्रिजखाली गेला. सहासष्ट वर्षांची बाई, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनवर जळत बसली होती!

हेव्याचं काय असतं, तो करडईच्या काट्यासारखा असतो. आमच्या नायगावाकडच्या रानात करडई निघायची ती याच दिवसांत. रानातून येताना काटा लुगड्याला कुठं लागला ते दिसत नाही. घरी येऊन चांगलं ऐसपैस बसावं, चहाचा कप हातात घ्यावा, तेव्हा तो सांगतो, मी इथं आहे. माझा तर पंचावन्न वर्षांपूर्वीचा काटा आहे, आणि लुगडी किती बदलली, तरी अजून बसताना टोचतो.

रेहाना आमच्या शाळेत आली सहावीत. त्याआधी उर्दू शाळेत होती. तिचे अब्बा नांदेडच्या इतवारा भागात जिल्दसाज होते, म्हणजे वह्या-पुस्तकं बांधायचे. दुकानात आता सगळी मराठी पुस्तकं बांधायला येतात, पोरीला ती वाचता आली पाहिजेत, म्हणून त्यांनी तिला मराठी शाळेत घातलं. मी नायगाव तालुक्यातली, शिकायला म्हणून मामाकडं नांदेडला ठेवलेली. म्हणजे आम्ही दोघीही तिथल्या परक्याच. पण मला मराठी येत होतं, तिला येत नव्हतं, आणि एवढ्या भांडवलावर मी तिची मालकीण झाले.

ती "माझा आई" लिहायची. "मी शाळा जाते" म्हणायची. वर्ग हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं विमल हसायची, ती हुशार होती आणि तिला हसण्याचीही सवड होती. मधल्या सुट्टीत पोरी डबे उघडून गोल करून बसायच्या आणि रेहाना आली की तो गोल आपोआप बंद व्हायचा. मी तिच्याजवळ बसायचे. यात माझं काही मोठेपण होतं असं समजू नका. मला तिचं चुकलेलं मराठी फार आवडायचं. मी मामाच्या टेबलावरची लाल पेन्सिल चोरून आणली होती, तिचे निबंध तपासायला! 'माझी गाय' या निबंधात मी तिच्या सव्वीस चुका काढल्या होत्या आणि खाली सही केली होती. ती म्हणायची, "शकू, तू नसती तर माझं काय झालं असतं?" आणि मला वाटायचं, अगदी खरं आहे, काय झालं असतं हिचं! "रेहाना माझी मैत्रीण आहे," असं मी सांगत फिरायचे, माणसं जसं सांगतात, ती दावणीची शेळी आपली आहे.

मग सातवीत संक्रांत झाली आणि समीकरणं आली.

गणिताच्या बाई देवणीच्या. वडिलांची बैलांची दावण होती, त्यामुळं बाईंच्या प्रत्येक उदाहरणात बैल यायचा. फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढून म्हणाल्या, "पोरींनो, हे जू आहे. दोन्ही अंगाला बैल सारखे पाहिजेत. या अंगाचं काही काढलं तर त्या अंगाचंही तेवढंच काढा, नाही तर जू कलतं." मग लिहिलं, क्ष अधिक चार बरोबर नऊ. "आता हा क्ष कोण ते शोधायचं."

मी हात वर केला. "बाई, तो कोण ते माहीत नाही, तर त्याला आधी वहीत घेतला कशाला?"

वर्ग हसला. हे हसू मला नवीन होतं. आतापर्यंत ते नेहमी माझ्या शेजारी पडायचं. मला खरंच कळत नव्हतं. जो आलेलाच नाही, ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, त्याला पाट मांडून बसवायचं आणि बाकीच्यांनी उठून पलीकडं जायचं, तेही चिन्ह बदलून, ही कुठली रीत? पुढं कितीतरी दिवस मी उत्तर अंदाजानं लिहीत होते. पाच लिहायचे. पाच नसलं की सात. त्या धड्यातली बरीच उत्तरं पाच किंवा सात होती, म्हणून मी वर्गात टिकून होते.

आणि रेहाना! तिला ते एका तासात आलं. त्यात ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, गाय स्त्रीलिंगी का आणि बैल पुल्लिंगी का, हे काही नाही. बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं. ओढणीचं टोक कमरेला खोचून ती उभी राहिली आणि खडू असा चालला की शेजारच्या वर्गात ऐकू जावा. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी, उत्तर, ताळा. मग हात झटकून ती वळली. एरवी काहीही केलं की ती आधी माझ्याकडं बघायची, बरोबर आहे का म्हणून. त्या दिवशी तिनं बाईंकडं बघितलं, वर्गाकडं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. तिला माझ्याकडून काही विचारून घ्यायचंच नव्हतं.

एवढंच झालं. कुणी मला मारलं नाही, की काही हिसकावलं नाही. पण तोवर मला ती आवडत होती, आणि त्या क्षणी ती बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडं गेली आणि माझ्या आवडण्याचं चिन्ह बदललं. मी आजपर्यंत शिकलेलं सगळ्यात खरं गणित हेच. मैत्रीण खाली असली की माया करणं लई सोपं असतं. ती सारख्या उंचीवर आली की कळतं, माया होती की मालकी.

आमच्या शाळेत फिरत्या वहीची पद्धत होती. वार्षिक परीक्षेला महिना उरला की बाई एका मुलीची वही निवडायच्या आणि ती घरोघर फिरायची. बाकांच्या क्रमानं एकेकीनं न्यायची, उतरवून घ्यायची आणि पुढचीला द्यायची. वहीत चूक निघाली की ती थांबायची, दुसरीची फिरायची. नियम म्हणजे नियम. पाचवी-सहावीत मराठीची वही माझी फिरली होती. माझं अक्षर असं की मोत्यांनी लाजावं, असं मीच म्हणायचे. त्या वर्षी बाईंनी सांगितलं, गणिताची वही रेहानाची.

तिनं ती त्याच संध्याकाळी अब्बांकडं नेली. दुसऱ्या दिवशी वही आली ती नवरीसारखी: लाल कापडाची पाठ, कोपऱ्यांना कातडं, पुठ्ठ्यावर रंगांच्या लाटा असलेला कागद. पोरी बघायला गोळा झाल्या. विमल म्हणाली, "रेहाना, मी तुझ्याशेजारी बसू का?" ती विमल! आणि मधल्या सुट्टीतला गोल उघडला. रेहाना त्यात जाऊन बसली आणि तिनं मलाही हात करून बोलावलं. तिनं बोलावलं, मला! मी म्हणलं, माझं पोट दुखतंय.

त्या दिवशी घरी जाताना ती एकटीच बोलत होती. "शकू, बघ ना, वही आता सगळ्यांच्या घरी जाऊन राहिली. विमलच्या घरी जाणार, देशपांड्यांच्या घरी जाणार. मी कधी कुणाच्या उंबऱ्याच्या आत नाही गेले, पण माझी वही जाईल. एवढी सगळ्यांकडं जाऊन आली तर मग मला बी बोलवतील, न्हाई का?"

ही गोष्ट मी ऐकली होती. नीट, दोन्ही कानांनी. पुढं मी जे केलं ते ऐकूनच केलं, हे लिहून ठेवते, नाही तर वाचणारे म्हणतील, लहान होती बिचारी.

वही माझ्याकडं आली तिसऱ्या नंबरला. आधी ती विमलकडं गेली होती, मग मालतीकडं. या दोघींना समीकरणं येत होती. माझ्याकडं आली शनिवारी, म्हणजे रविवारचा अख्खा दिवस माझा. मामीनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकायला मला बसवलं होतं. एका हातात काठी, मांडीवर वही. ऊन असं की कुरडयांचा चीक वाळताना वास येत होता. मी एकेक पान उलटत होते. कुठं डाग नाही, कुठं खाडाखोड नाही. मला वाटलं होतं निदान 'उत्तर' तरी चुकीचं लिहिलं असेल. तेही बरोबर. मीच शिकवलं होतं!

सातव्या पानावर हे होतं:

५क्ष – ८ = २७
५क्ष = २७ + ८
५क्ष = ३५
क्ष = ७
ताळा: ३५ – ८ = २७

मी शाईचा पेन काढला. शाई जुळेल की नाही ही भीती नव्हती, रेहानाच्या पेनात शाई नेहमी माझ्याच दौतीतली असायची. आठच्या आधीची ती आडवी रेघ मला एकटी दिसली, निराधार. मी तिच्यावर उभी मारली. पाच क्ष अधिक आठ. झालं. खालच्या ओळी मी वाचल्यासुद्धा नाहीत. त्यातलं मला काय कळत होतं? मला वाटलं, गणित वरच्या ओळीत असतं, खालचा सगळा पसारा त्याच्या मागं आपोआप येतो, लग्नाच्या वरातीसारखा. तेवढ्यात कावळा एक कुरडई घेऊन गेला आणि मामी खालून ओरडली, "शके, लक्ष कुठंय तुझं?"

तीन दिवस काही झालं नाही. वही पुढं फिरत होती, पोरी डोळे मिटून उतरवत होत्या. मला भीती वाटायला पाहिजे होती; मला राग येत होता, कुणाच्या लक्षातच कसं येत नाही म्हणून. चौथ्या दिवशी विमल उठली. ती उजळणीला मालतीनं उतरवलेलं एकदा आणि माझ्यानंतर वही नेलेल्या पोरीनं उतरवलेलं एकदा, असं ताडून बघत होती. "बाई, या दोघींचं सारखं नाही. रेहानाच्या वहीत चूक आहे."

बाईंनी वही मागवली, पान काढलं आणि रेहानाला पुढं बोलावलं. रेहानानं पानावर बोट ठेवलं. पहिली ओळ. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, थांबलं, परत वर आलं. मग सरळ खाली ताळ्यापर्यंत गेलं आणि परत वर. मग तिनं बोट उचललं.

"हौ बाई," ती म्हणाली. "माझंच चुकलं. घाईत."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं. "तुझी घाई कधी बघितली नाही मी," एवढं म्हणाल्या आणि वही कपाटात ठेवली. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवसापासून विमलची वही फिरणार असं ठरलं. विमलनं रेहानाच्या शेजारचं दप्तर उचललं आणि आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत गोल पुन्हा बंद झाला, कुणी काही न बोलता, सवयीनं.

मला पाहिजे होतं ते सगळं झालं होतं. मी डबा उघडला, भाकरीवर ठेचा होता, आणि तो तसाच परत झाकला. पण खरं सांगू? तो काही पश्चात्ताप नव्हता. लोक म्हणतात, वाईट केलं की मन खातं. माझं मन मला खात नव्हतं, ते अजून तिलाच खात होतं. मला वाटून राहिलं होतं, बघा, ही आताही माझ्यापेक्षा वर. रडली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, चूक अंगावर घेऊन सरळ उभी राहिली. चोरी मी करायची आणि मोठेपण हिनं मिळवायचं! ही कुठली रीत?

ईश्वरीला हे मी अजून सांगितलेलं नाही. काल ती विचारत होती, "आज्जी, तू आणि रेहानाआज्जी कधी भांडलात का गं?" मी म्हणलं, "मी भांडले. ती काही भांडली नाही." पोरगी म्हणाली, "मग ते भांडण कसं?" आता या वयात हिला काय सांगू, की एकाच बाजूचंही भांडण असतं, आणि तेच जास्त वर्षं टिकतं.

वही कपाटात गेली त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम रेंगाळले. पाण्याच्या टाकीपाशी रेहाना तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते म्हणून टाकलं: "त्या विमलचं डोकं फिरलंय. तुझं कधी चुकत नाही."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. डोळे लाल होते. पाचोळा पायानं बाजूला सारला, एक काटकी उचलली आणि मातीत त्या पाच ओळी लिहिल्या, पहिली मी केली होती तशी, बाकीच्या तिच्या तिनं केल्या होत्या तशा. वर अधिक आठ, आणि दुसऱ्या ओळीत पलीकडं गेल्यावरही अधिक आठच. तळाला ताळ्यात वजा आठ. काटकी या तिन्ही आठांवर एकेकदा टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडं अशी बघत होती, आणि मला कुठं बघावं ते कळत नव्हतं. ती ओरडली नाही.

"विमलला येतंय, मालतीला येतंय," ती म्हणाली. "त्यांनी केलं असतं तर वरचं बदलून खालच्या चारी ओळी बी बदलल्या असत्या, अन् मी बी फसले असते. एवढं कच्चं काम तुझ्याबिगर कुणाचं असंल, शकू? बस खाली हितं. आधी बरोबर करायला शिक, मग नीट बिगाड."